पन्नासाव्या वर्षी वारसा, पंधराव्या वर्षी भंगार : विंटेज मोटारींची प्रदर्शने आणि मराठवाडा

१/
फेब्रुवारी २०१७. हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींची एक मानाची स्पर्धा भरली होती. कार्टिए या फ्रेंच जवाहिऱ्याच्या नावाने होणाऱ्या या स्पर्धेसाठी संस्थानिकांचे वारसदार आणि नामांकित संग्राहक आपापल्या गाड्या घेऊन आले होते. ज्या आसफजाही राजवटीच्या वैभवाचा हा वाडा, त्याच राजवटीखाली नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत नांदले. म्हणूनच मराठवाड्याच्या दृष्टीने अशा प्रदर्शनाकडे पाहताना एक प्रश्न उभा राहतो : जुनी मोटार म्हणून जे जपले जाते त्यात इतिहास कोणाचा असतो, आणि कोणाचा भंगारात जातो? हा थ्रेड त्या प्रश्नावर.

२/
प्रथम शब्दांचा खुलासा. आपल्याकडे कोणत्याही जुन्या गाडीला सरसकट ‘विंटेज’ म्हणतात. ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ (फिवा, स्थापना १९६६) मात्र काळाच्या काटेकोर पायऱ्या मानतो. १९०४ अखेरपर्यंतची गाडी ‘अ‍ॅन्सेस्टर’, १९०५ ते १९१८ मधील ‘व्हेटरन’, १९१९ ते १९३० मधील ‘विंटेज’, १९३१ ते १९४५ मधील ‘पोस्ट-विंटेज’, आणि त्यानंतर युद्धोत्तर गाड्यांचे वर्ग. भारतीय नियमांतील ‘विंटेज’ची व्याख्या याहून वेगळी आहे. ती पुढे येईल, कारण या कथेची गाठ तिथेच आहे.

३/
जुन्या मोटारी मिरवण्याची प्रथा सुरू झाली इंग्लंडमध्ये. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी तेथे मोटारींवरील जाचक वेगमर्यादा उठली आणि ताशी १४ मैलांची मुभा मिळाली. त्या आनंदात मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी दौड काढली. १९२७ मध्ये एका वृत्तपत्राने तिची पुनरावृत्ती घडवली. त्या वेळी तीस वर्षांपूर्वीच्या गाड्या लोकांच्या लेखी निव्वळ खटारे होते. त्या सुरू होतात हीच मोठी मौज मानली गेली. पुढे याच खटाऱ्यांना वारशाचा मान मिळाला. भंगार आणि वारसा यांमधील सीमा माणसेच आखतात आणि माणसेच सरकवतात, हे त्या दौडीने दाखवून दिले.

४/
त्या दौडीच्या पाठोपाठ १९३० मध्ये व्हेटरन कार क्लब आणि १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला. असे मालकांचे क्लब काय करतात? गाडीचे साल ठरवितात, चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहतात, सुटे भाग मिळवून देतात आणि वर्षातून एकदा गाड्या लोकांसमोर आणतात. स्पर्धेतील परीक्षक बॉनेट उघडून नळ्या, तारा आणि स्क्रूसुद्धा मूळचे आहेत का, हे तपासतात. पुराभिलेखागारात कागदाची सत्यता तपासणाऱ्या अभ्यासकाचे काम याहून फार निराळे नसते.

५/
भारतात मोटारवाल्यांची संघटना लवकर उभी राहिली. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ ची. परंतु तिचा जन्म रस्त्यांची माहिती, परवाने आणि वाहनचालकांच्या अडचणी यांसाठी झाला. तेव्हा मोटार हीच नवलाई होती, मग जुनी मोटार जपण्याची कल्पना कोठून येणार? ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत जुन्या गाड्यांचे संचलन सुरू केले आणि ते देशभर नावाजले गेले. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया मेळावे भरवत आला आहे. कार्टिएची पहिली भारतीय स्पर्धाही २००८ मध्ये मुंबईच्याच महालक्ष्मी रेसकोर्सवर झाली.

६/
मुंबईच्या प्रदर्शनांत शेवरोले, ब्यूक, डॉज, प्लिमथ अशा अमेरिकी गाड्या मोठ्या संख्येने का दिसतात? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण बदलले. गाडी केवळ जोडायची नाही, देशात घडवायची, असा आग्रह आला. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये आपले दुकान आवरले. आयातीवर कडक निर्बंध आले. नवी गाडी दुर्मीळ झाली, तेव्हा जुनी गाडी टाकून देणे कोणालाच परवडेना.

७/
याच टंचाईने भारतीय मिस्त्री घडविला. कंपनीचा सुटा भाग मिळत नाही, म्हणून लेथवर तो घडवायचा. एका गाडीचा कार्ब्युरेटर दुसरीला बसवायचा. पेट्रोलचे इंजिन महाग पडते, म्हणून डिझेलचे टाकायचे. या जुगाडामुळेच असंख्य गाड्या १९५०, १९६० आणि १९७० ची दशके पार करू शकल्या. प्रदर्शनात मात्र हीच दुरुस्ती दोष ठरते. परीक्षकाला हवे असते मूळचे इंजिन आणि मूळचा सांगाडा. गाडी जिवंत ठेवणाऱ्या हातांचे श्रम पुसल्याशिवाय तिला बक्षीस मिळत नाही, हा या छंदातला जुनाच पेच आहे.

८/
आता निजामाच्या मोटारीकडे वळू. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पिवळ्या रंगाची एक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट उभी आहे. तिचे साल १९१२. मागची बैठक उंच, सिंहासनासारखी. म्हणून तिला ‘थ्रोन कार’ म्हणतात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी ती मागविण्यात आली होती. परंतु ऑगस्ट १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि गाडी त्यांच्या पश्चात आली. पुत्र मीर उस्मान अली खान यांनी ती क्वचितच वापरली. भारतातील सर्वांत प्रसिद्ध जुन्या मोटारींपैकी ही एक, आणि ती रस्त्यावर जवळजवळ धावलीच नाही.

९/
या गाडीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. ती कारागिरीचा उत्तम नमुना आहे, आणि सार्वभौमत्व हातातून निसटत असलेला राजा थाटमाटातून ते कसे मिरवतो याचा पुरावाही आहे. पण संस्थानाच्या तिजोरीत जे पैसे जमत त्यांत गोदावरी आणि मांजरा खोऱ्यातील कापूस, ज्वारी व तेलबिया पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा सारा होता. त्या शेतकऱ्याच्या आयुष्यात मोटार कशी आली, हे या पिवळ्या गाडीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी निराळ्या वाहनांकडे जावे लागते.

१०/
नांदेडला प्रथम आगगाडी आली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट! लातूरच्या बाजारातील माल या छोट्या गाडीने कुर्डुवाडीस जाई आणि तेथे मोठ्या रुळांच्या गाडीत पुन्हा भरावा लागे. रेल्वेपासून दूर असलेल्या गावांचे काय? त्यांना बैलगाडी होती, आणि पायवाट.

११/
१९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपला रस्ता वाहतूक विभाग उघडला. आरंभी २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी. सरकारी मालकीची रस्त्यावरील प्रवासी वाहतूक देशात प्रथम येथे सुरू झाली, असा तिचा गौरवाने उल्लेख केला जातो. ताफ्यात स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या बस होत्या. पुढील वर्षांत ही सेवा राजधानीबाहेर जिल्ह्यांतूनही पसरत गेली. मुंबई इलाख्यात सरकारी एस.टी. धावली ती १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर. म्हणजे निजामी संस्थानातील सरकारी बस तिच्याहून सोळा वर्षांनी वडील.

१२/
या जुन्या ताफ्यातील एक अल्बियन बस हैदराबादेत जतन करून ठेवली आहे. तिचा क्रमांक एचवायझेड २२३. यातील ‘झेड’विषयी एक लोकप्रिय आख्यायिका सांगतात : उस्मान अली खान यांच्या मातोश्रींचे नाव जहरा बेगम. त्यांची आठवण म्हणून बसच्या क्रमांकात त्यांच्या नावाचे आद्याक्षर आले. आख्यायिका कितपत खरी, हा भाग अलाहिदा. पण ते अक्षर टिकले आहे हे निश्चित. तेलंगण आणि आंध्र प्रदेशाच्या परिवहन महामंडळांच्या बसवर आजही ‘झेड’ असतो. निजामाबादहून नांदेडला येणाऱ्या तेलंगणच्या बसची पाटी वाचली तरी ते दिसेल.

१३/
रस्ता आणि मोटार यांनी मराठवाड्याचे राजकीय भवितव्यही ठरविले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फळी सोलापूरच्या बाजूने, नळदुर्गमार्गे, मोटार रस्त्याने पुढे सरकली. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून तो दिवस पाळला जातो. जी मोहीम इतक्या वेगाने संपली तिच्यात रणगाड्यांबरोबर जीप आणि लष्करी लॉऱ्या होत्या. मराठवाड्याच्या मोटार-इतिहासातील हा सर्वांत निर्णायक प्रवास कोणत्याही राजमोटारीने केला नाही.

१४/
त्यानंतर सीमा बदलत गेल्या आणि मोटारींच्या पाट्याही. हैदराबाद राज्यातील गाडीवर ‘एचवाय’. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदर जिल्ह्यातील तालुके उस्मानाबादला जोडले गेले. मुंबई राज्याच्या पाट्या ‘बी’ने सुरू होत, १ मे १९६० नंतरच्या महाराष्ट्राच्या ‘एम’ने. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यानंतरच्या पद्धतीत लातूरला एमएच-२४ आणि नांदेडला एमएच-२६ मिळाले. उदगीरच्या एखाद्या जुन्या घरातील आजोबा, वडील आणि नातू यांच्या गाड्यांच्या पाट्या शेजारी ठेवल्या, तर राज्य पुनर्रचनेचा धडाच समोर उभा राहील.

१५/
१९५१ मध्ये निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. रस्ता वाहतूक तिच्यापासून वेगळी पडली आणि पुढे मराठवाड्यातील बससेवा महाराष्ट्राच्या एस.टी.त मिसळून गेली. त्यानंतरचा मराठवाडा घडविणारी वाहने कोणती? गावात मुक्कामी राहणारी आणि पहाटे विद्यार्थ्यांना घेऊन निघणारी लाल बस. आडत बाजारात तूर आणि हरभरा आणणारा ट्रक. १९७२ च्या दुष्काळात धान्य वाहणाऱ्या लॉऱ्या आणि त्याच दुष्काळी कामांवर फोडलेल्या खडीतून झालेले रस्ते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदत घेऊन आलेली वाहने. आणि उन्हाळ्यामागून उन्हाळे, पाण्याचा टँकर.

१६/
आता कायद्याकडे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विंटेज वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि फेरनोंदणीस ५,००० रुपये. पाटीवर राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे. गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते.

१७/
क्लबांनी या नियमांचे स्वागत करणे स्वाभाविक होते, कारण जुन्या गाडीला कायद्यात प्रथमच जागा मिळाली. पण व्याख्या नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. ती केवळ दुचाकी आणि खासगी, बिगर-व्यापारी वापराच्या चारचाकी प्रवासी मोटारींना लागू आहे. बस तिच्यात नाही. ट्रक नाही. टॅक्सी नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, टँकरही नाही. म्हणजे ज्या वाहनांनी बहुसंख्य लोकांना आणि त्यांच्या मालाला वाहून नेले, ती कितीही जुनी झाली तरी या नियमापुरती ‘विंटेज’ होऊच शकत नाहीत.

१८/
दुसरा नियम याहून कठोर आहे. सरकारी मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आणण्यात आली, आणि त्यात राज्य परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. धूर, अपघात आणि इंधनाची नासाडी यांचा विचार करता या धोरणाला सबळ कारणे आहेत. मोडक्या बसमधून प्रवास करणे हा काही वारसा नव्हे. तथापि दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहावेत : खासगी मोटार पन्नासाव्या वर्षी वारसा होते, आणि सरकारी बस पंधराव्या वर्षी भंगार.

१९/
हे कसे घडते, याचे उदाहरण मुंबईने २०२३ मध्ये पाहिले. १५ सप्टेंबरला बेस्टची जुन्या धाटणीची शेवटची डिझेल डबल-डेकर धावली. १९३७ पासून शहराच्या रस्त्यांवर असलेले एक रूप संपले. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली, कारण मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. दोन्ही वेळा लोकांनी हळहळ व्यक्त केली, छायाचित्रे काढली. खासगी मालकाची पद्मिनी पन्नाशी गाठून ‘व्हीए’ची पाटी लावू शकते, तिच्या शेजारी, त्याच कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली टॅक्सी मात्र नाही.

२०/
मग दोष मालकांच्या क्लबांना द्यायचा का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जुनी मोटार सांभाळणे हा पदरमोडीचा उद्योग आहे. टायर, रबर, कातडी बैठक, हुडाचे कापड, जुन्या धाटणीचे मॅग्नेटो : प्रत्येक वस्तूसाठी वर्षे जातात. शिवाय मोटार घराच्या पडवीत मावते. ३०-३५ फुटी बस कोण ठेवणार आणि कोठे? मालकांनी जपले नसते तर पहिल्या महायुद्धाआधीच्या कित्येक गाड्या आज छायाचित्रांतच उरल्या असत्या. क्लबांनी आपल्या मालकीचे जपले. जे सर्वांच्या मालकीचे होते, त्याला मालक नसल्यासारखे झाले. खरा प्रश्न तेथे आहे.

२१/
तो सुटू शकतो, याचे दाखले आहेत. ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये जुन्या व्यापारी वाहनांसाठी निराळी संस्था निघाली. १९६२ पासून तिच्याही गाड्या लंडन ते ब्रायटन धावू लागल्या : बस, लॉऱ्या, अग्निशामक गाड्या. भारतात हरियाणातील तावडू येथे २०१३ मध्ये उघडलेल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये मोटारींबरोबर बस, ट्रक आणि बैलगाड्याही मांडल्या आहेत. मुंबईत आणिक आगारात बेस्टचे संग्रहालय आहे. आणि हैदराबादेतील ती अल्बियन बस आहेच. कायदा बस जपण्यास मनाई करीत नाही. ती भंगारात जाण्यापूर्वी कोणीतरी बाजूला काढून ठेवली पाहिजे, इतकेच.

२२/
जुन्या मोटारीला लोकजीवनात स्थान कसे मिळते, हे कोल्हापुरात दिसते. तेथील छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातील मेबॅक मोटार विजयादशमीला बाहेर निघते आणि राजघराण्यातील मंडळी तिच्यातून दसरा चौकात सोने लुटण्याच्या सोहळ्याला येतात. ही मोटार राजाचीच आहे, परंतु ती काचेआड नाही. गर्दीतील मूल आजोबांच्या खांद्यावरून ती पाहते, आणि पुढे आपल्या मुलाला दाखविते. चौमहल्ल्यातील सिंहासन-मोटारीला हे भाग्य कधी लाभले नाही. वाहनाला इतिहास चिकटतो तो वापरातून.

२३/
नांदेड-लातूरच्या दृष्टीने नियमांतील एक दार मात्र उघडे आहे, ते म्हणजे दुचाकीचे. १९६० च्या दशकातील जावा, त्या काळची बुलेट, आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या पहिल्या पिढीच्या बजाज स्कूटर आणि खासगी वापरातील विलीज जीप : ही पन्नाशी ओलांडलेली वाहने मराठवाड्यातील घरांच्या वाड्यांत, गोठ्यांत आणि गॅरेजांच्या मागे सापडू शकतात. शिक्षक, डॉक्टर, ग्रामसेवक, आडते यांनी ती वापरली. त्यांची किंमत लिलावात मोठी नसेल. पण तालुक्याच्या गावात शिक्षण, वैद्यक आणि सरकार नेमके कोणत्या चाकांवरून पोहोचले, याचा तो चालताबोलता पुरावा आहे.

२४/
आणि वाहन उरले नसेल तर? तेव्हा कागद शोधावा. जुने आरसी बुक, वाहतूक परवाना, विम्याची पावती, एस.टी.चे पंच केलेले तिकीट, चालकाचा बिल्ला, गॅरेजची उधारीची वही, टपावर सामान लादलेल्या बससमोर काढलेले लग्नाच्या वऱ्हाडाचे छायाचित्र. पाटीवरील ‘एचवाय’ किंवा ‘बी’ दिसले तर साल ठरविता येते. त्याहून निकड आहे ती माणसांची. हँडल मारून ट्रक सुरू करणारे चालक आणि लेथवर गियर घडविणारे मिस्त्री आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे सांगणे कोणत्याही नोंदवहीत नाही.

२५/
चॅसी क्रमांक तपासा, मूळ भाग ओळखा, मालकांची साखळी नोंदवा, ही क्लबांची शिस्त या कामी जशीच्या तशी उपयोगी पडते. फक्त ती मोटारीवरून बसकडे आणि ट्रककडे वळवायची आहे. एखाद्या आगारात सेवेतून निघणारी एक लाल बस मूळ रंगासह, मूळ आसनांसह, खिडकीवरील आसनक्रमांकांसह राखून ठेवली, तर आणखी पस्तीस वर्षांनी तीही पन्नाशीची होईल. तोवर विंटेजची व्याख्याही कदाचित रुंदावलेली असेल. १९२७ मध्ये खटारे म्हणून हसण्यावारी नेलेल्या गाड्या आज कोणत्या मानाने धावतात, हे ठाऊक आहेच.

२६/
फलकनुमाच्या आवारातील मोटारी देखण्या असतात आणि त्या पाहाव्यातच. पण पाहून परतताना महात्मा गांधी बसस्थानकावर नांदेडची गाडी धरणाऱ्याने एकदा बसची पाटी वाचावी. तेलंगणची बस असेल तर तिच्यावर ‘झेड’ आढळेल. १९३२ च्या त्या २७ बसगाड्यांपासून चालत आलेले हे अक्षर कोणत्याही प्रदर्शनात मांडलेले नाही. ते दररोज बोधन, बिलोली, देगलूरच्या रस्त्यांवरून धावते आहे.

(थ्रेड समाप्त)